ओझोनचं भोक बुजवायला जमलं, मग हवामानाचं का अडलंय?

अनघा_नाशिक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहून काढतेय, जरा लांबेल, वेळ काढून वाचा आणि पटलं नाही तर स्पष्ट सांगा.

हवामान बदलाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, जगातले सगळे देश एकत्र येणं शक्यच नाही. दुसरं, राजकारण्यांकडे इच्छाशक्तीच नाही. दुसरं मला मान्य आहे, पहिलं अजिबात नाही, कारण सगळे देश एकदा एकत्र आलेत आणि काम करून दाखवलंय. मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते, दर १६ सप्टेंबरला कॉलेजात ओझोन दिन असतो, मुलं पृथ्वीवर छत्री धरलेली चित्रं काढतात, पण हे संकट माणसाने करार करून मागे रेटलंय, ही त्यातली सगळ्यात मोठी बातमी एकाही पोस्टरवर नसते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं की स्प्रे आणि फ्रिजमधले सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वायू वर जाऊन फुटतात आणि त्यातला क्लोरीनचा एक एक अणू हजारो ओझोनचे रेणू मोडत सुटतो. उद्योगांनी हे उडवून लावलं. मग १९८५ च्या मे महिन्यात फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातल्या हॅली बे केंद्रावरची मोजमापं छापली आणि ओझोनचा थर तिथे वसंत ऋतूत भयंकर पातळ होतोय हे जगाला कळलं. त्यानंतर अडीच वर्षंही गेली नाहीत, १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियलचा करार झाला. मार्च १९८८ मध्ये अमेरिकेच्या सिनेटने तो ८३ विरुद्ध ० मतांनी मंजूर केला, तेही रेगन अध्यक्ष असताना. आज जगातला एकूण एक देश त्यात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे ओझोनचा थर बहुतेक जगात २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीला परत येईल.

आता हवामानाकडे बघा. नासाचे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे जून १९८८ मध्ये सांगितलं की तापमानवाढ सुरू झालीये. म्हणजे ओझोनचा करार मंजूर झाला त्याच वर्षी! १९९२ ला रिओचा हवामान करार, १९९७ ला क्योटोचा, आणि क्योटोच्या चार-पाच महिने आधी त्याच सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला की गरीब देशांवरही तशीच बंधनं नसतील तर आम्ही असा करार करणार नाही. ८३-० आणि ९५-०, सभागृह तेच, मध्ये फक्त नऊ वर्षं. मौना लोआच्या वेधशाळेत १९५८ ला कार्बन डायऑक्साइड ३१५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३१५) होता, मे २०२५ मध्ये ४३० च्या वर गेला. २०२४ हे औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा दीड अंशाहून गरम असलेलं पहिलं वर्ष ठरलं.

माझा मुद्दा असा की रेगन काही पर्यावरणवादी नव्हते, थॅचरबाईही नव्हत्या (त्या स्वतः केमिस्ट होत्या, त्याचा थोडा उपयोग झाला असेल). म्हणजे ती इच्छाशक्ती नेत्यांच्या मनातून उगवलेली नव्हती, ती कशाने तरी तयार केली गेली. कशाने, आणि तसं हवामानाच्या बाबतीत का होत नाही, यावर बोलूया.

विक्रांत७९

चांगला धागा, पण तुलना मुळातच चुकतेय असं माझं मत. सीएफसी बनवणारे जगात मोजके कारखाने होते, वापर फ्रिज, एसी, स्प्रे, फोम एवढाच. ते बंद केले तरी कुणाचं राहणीमान खाली आलं नाही. कार्बनचं तसं नाहीये, वीज, सिमेंट, स्टील, खत, ट्रक, विमान, सगळं त्याच्यावर चालतं. एक पदार्थ बदलणं आणि अख्खी अर्थव्यवस्था बदलणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. राजकारण्यांना शिव्या घालणं सोपं आहे पण उद्या डिझेल दहा रुपयांनी वाढवलं तर आपणच रस्त्यावर उतरू ना?

अनघा_नाशिक

विक्रांत, काम प्रचंड मोठं आहे हे शंभर टक्के मान्य. पण "पर्याय होता म्हणून जमलं" हे अर्धंच खरं आहे. १९८७ ला सही झाली तेव्हा फ्रिजसाठी पर्यायी गॅस बाजारात तयार नव्हता. जगातली सगळ्यात मोठी सीएफसी उत्पादक ड्यूपॉन्ट, ती आधी वर्षानुवर्षं विरोधात होती, करार झाल्यावर १९८८ मध्ये तिने उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, कारण आता नियम येणार हे नक्की झालं आणि नवीन गॅसमध्ये पहिला हात मारायचा तर आत्ताच, हे गणित तिला कळलं. म्हणजे नियम आधी आला आणि पर्याय त्याच्या मागोमाग धावत आला.

अजून एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मूळ १९८७ चा करार तसा लेचापेचाच होता. पूर्ण बंदी नव्हतीच, १९९८ पर्यंत निम्मी कपात एवढंच होतं. पण त्यात वेळोवेळी कडक करायची सोय ठेवलेली होती, मग १९९० ला लंडनमध्ये पूर्ण बंदीचं ठरलं, १९९२ ला कोपनहेगनमध्ये तारीख अलीकडे आणली. आणि जो देश करारात येणार नाही त्याच्याशी सीएफसीचा व्यापार बंद, हे कलम पहिल्या दिवसापासून होतं. बाहेर राहणं परवडणारच नाही अशी रचना केली. हवामानाच्या पॅरिस करारात असं काय आहे? प्रत्येकाने स्वतःचं लक्ष्य स्वतः ठरवायचं आणि नाही गाठलं तर काही होत नाही.

शिवराज_सांगली

ताई नमस्कार. मी फ्रिज-एसी रिपेरीच्या धंद्यात आहे, वडिलांचं दुकान आता मी बघतो. तुम्ही लिहिलेला करार आमच्या लाइनीतल्या माणसांनी हातानं राबवलाय म्हणून लिहावं वाटलं.

वडिलांच्या वेळेला सगळे फ्रिज आर-१२ या सीएफसी गॅसवर. लिकेज आलं की पाइप कापून उरला सुरला गॅस सरळ हवेत सोडायचा, लिकेज शोधायचं, ब्रेझिंग करायचं आणि सिलिंडर लावून परत चार्ज करायचा. त्यात काय वाईट आहे असं कुणाच्या मनातबी यायचं नाही. त्या गॅसला वास नाही, तो पेटत नाही, अंगाला काही होत नाही, मेकॅनिकला इतका सोयीचा गॅस परत आलाच नाही. मग आर-१३४ए आला. त्याला तेल वेगळं, कॉम्प्रेसर वेगळा, व्हॅक्युम नीट मारला नाही तर ओल राहून कॅपिलरी चोक होणार म्हणजे होणार. जुने मेकॅनिक लई वैतागलेले, म्हणायचे चालू धंद्यात ही काय भानगड. पण तेव्हा ट्रेनिंग निघाली होती, वडील जाऊन आले, गेज कसं लावायचं, गॅस का बदलतोय, सगळं समजावून सांगितलं. आणि तिकडं आर-१२ चं सिलिंडर महाग होत होत गेलं आणि शेवटी मिळायचंच बंद झालं. २०१० पासून तर दम्याचे पंप वगळता देशात सीएफसी बंदच.

म्हणजे आमच्यातला कुणी पर्यावरणाचं भाषण ऐकून बदलला नाही. जुना माल मिळेना म्हणून बदलला, आणि नवा माल हाताळायला शिकवलं म्हणून टिकला. दोन्ही एकाच वेळी झालं हे महत्त्वाचं. नुसता माल बंद केला असता तर निम्मी दुकानं बसली असती आणि चोरून गॅस विकला गेला असता.

आता दुसरी बाजू पण सांगतो. एसीत आर-२२ गेला, ४१०ए आला, आता नवीन मशिनी आर-३२ वर. फ्रिजमध्ये आर-६००ए, तो पेटणारा असतो, टॉर्च लावताना जपावं लागतं. एसीतले हे नवे गॅस ओझोनला चालतात पण गरमी वाढवतात असं सांगतात. गॅस हवेत न सोडता काढून घ्यायला रिकव्हरी मशीन मिळतं. ते घ्यायला आमच्यासारख्या छोट्या माणसाला परवडत नाही, गिऱ्हाईक जुना गॅस काढायचे वेगळे पैसे देत नाही, आणि काढून ठेवला तरी तो द्यायचा कुणाला, आमच्या भागात घेणारा कुणी नाही. त्यामुळं तो अजून हवेतच जातो. हे मला बरोबर वाटत नाही पण सत्य आहे ते लिहिलं.

निशिगंधा

शिवराजदादा, तुमचा प्रतिसाद सेव्ह करून ठेवलाय. घरी ४१०ए वाला एसी आहे, दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो, हे नॉर्मल आहे का?

शिवराज_सांगली

नाही ताई, अजिबात नॉर्मल नाही. एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो, कमी झाला म्हणजे लिकेज आहे. नायट्रोजनचं प्रेशर देऊन लिकेज शोधून द्या म्हणावं, नुसता टॉप-अप करून घेऊ नका. तुमचे पैसे पण जातात आणि गॅस पण वर जातो.

अनघा_नाशिक

दादा, तुम्ही म्हणताय ते अगदी बरोबर. कार्बन डायऑक्साइडशी तुलना केली तर आर-१२ दहा हजार पटींहून जास्त उष्णता धरतो, ४१०ए साधारण दोन हजार पट, आर-३२ पावणेसातशे पट. म्हणजे सीएफसी बंद झाल्याने ओझोन वाचलाच पण तापमानवाढही बरीच टळली. आणि हे नवे एचएफसी गॅस कमी करायला २०१६ मध्ये किगालीत त्याच माँट्रियल करारात दुरुस्ती केली, भारताने २०२१ मध्ये ती मान्य केली. आपल्याला २०२८ ला वापर गोठवायचाय, २०३२ पासून कपात, २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी. सगळ्या जगाने हे पाळलं तर शतकाअखेर ०.३ ते ०.५ अंश वाढ टळते. म्हणून जुना गॅस गोळा करणारी माणसं आणि जागा तालुक्या-तालुक्याला आत्तापासून उभ्या राहायला हव्यात, आणि त्याचा खर्च मेकॅनिकच्या डोक्यावर टाकून चालणार नाही.

चांदावासी

सगळं वाचलं. मी चंद्रपूरचा. घरातली दुसरी पिढी खाणीत आहे. इथे २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र, आजूबाजूला कोळशाच्या खाणी, मे महिन्यात पारा ४५-४६ ला टेकतो आणि देशातल्या सगळ्यात गरम शहरांच्या यादीत आमचं नाव रोज झळकतं. राख आमच्या अंगणात पडते आणि वीज मुंबई-पुण्याला जाते. त्यामुळे प्रदूषण काय असतं हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही.

पण "कोळसा बंद करा" असं ऐकलं की छातीत धस्स होतं, हेही खरंय. खाण म्हणजे फक्त खाणकामगार नाही, ट्रकवाले, टायरवाले, खानावळी, भाड्याच्या खोल्या, ठेकेदारीवरची हजारो पोरं ज्यांना पीएफ पण मिळत नाही. परमनंट माणसाला उद्या कुठेतरी बदली मिळेल, या ठेक्यावरच्या पोरांचं काय? शिवराजभाऊंनी लिहिलं की माल बंद झाला आणि ट्रेनिंगही मिळालं म्हणून ते टिकले. आम्हाला आजपर्यंत कुणी येऊन सांगितलेलं नाही की वीस-पंचवीस वर्षांनी इथे काय असणार आहे. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा आहे, २०१५ पासून कायदाच आहे तसा, खाणीमुळे बाधित लोकांसाठीच तो वापरायचा. त्यातून पोरांना दुसरं काम शिकवायचं ठरवलं तर कोण अडवतंय? पण त्यासाठी आधी कुणीतरी जाहीर कबूल करायला पाहिजे की कोळसा एक दिवस संपवायचाय. ते म्हणायची हिंमत इथल्या एकाही पक्षात नाहीये, कारण म्हटलं की मतं गेली.

मकरंद_एसेन

चांदावासी, मी जर्मनीत रुर भागात राहतो, हा पूर्वीचा सगळा कोळशाचा पट्टा. शेजारच्या बॉट्रॉपमधली शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ ला बंद झाली. ते एका रात्रीत नाही झालं, कित्येक दशकं चाललं, सरकारने अनुदानं दिली, लोकांना लवकर निवृत्ती दिली, खाणींच्या जागी विद्यापीठं आणि संग्रहालयं उभी केली. तरी काही गावं अजून सावरलेली नाहीत, बेकारी दिसते. २०२० ला कायदा केला की २०३८ पर्यंत सगळी कोळशाची वीज बंद, आणि कोळसा पट्ट्यातल्या राज्यांसाठी ४० अब्ज युरोपर्यंत मदत. म्हणजे तारीख आणि पैसे एकाच वेळी जाहीर केले. तुम्ही म्हणताय तेच.

इथलं सगळं गोड आहे असं मात्र समजू नका. जानेवारी २०२३ मध्ये लिग्नाइटच्या खाणीसाठी ल्युत्झेराथ हे गाव पोलीस लावून रिकामं केलं, तेव्हा सरकारात ग्रीन पक्ष होता. पण एक गोष्ट मी डोळ्यांनी बघितली. २०२१ मध्ये इथल्या घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला की तुमच्या हवामान कायद्यात २०३० नंतरचं काहीच स्पष्ट नाही, सगळा बोजा तुम्ही पुढच्या पिढीवर ढकलताय, आणि हे त्यांच्या स्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे. जे सरकार वर्षानुवर्षं "शक्य नाही" म्हणत होतं त्यानेच काही आठवड्यांत कायदा बदलला, कार्बन शून्याचं वर्ष २०५० वरून २०४५ वर आणलं. मंत्री तेच, पक्ष तेच. पाठीमागे कोर्ट उभं राहिलं एवढाच फरक.

बालाघाटचा_शेतकरी

आमच्या मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ च्या पुरात काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. माझं सोयाबीन काढणीला आलेलं, ते तर गेलंच, त्याचं एवढं दुःख नाही, पीक पुढच्या वर्षी येतं. नदीकाठचं अर्ध रान खरडून गेलं. वरची काळी माती गेली आणि खाली मुरूम उघडा पडला, काही ठिकाणी तर खडक. ती माती माझ्या आज्यानं बैलगाडीनं तळ्यातला गाळ आणून आणून केलेली होती. त्या जागेला आता पीक येण्याजोगं करायचं तर परत गाळ आणून टाकायचा, तो आणायचा कुठून आणि कशाच्या पैशावर.

इच्छाशक्तीचं म्हणाल तर मी जवळून पाहिलेलं सांगतो. पूर आला की सगळे येतात. तलाठी येतो, पंचनामा होतो, फोटो निघतात, मंत्री बांधावर येतात, पॅकेज जाहीर होतं. मिळते ती मदत लागतेच, नाही म्हणत नाही. पण पुराच्या आधी ओढ्यातलं अतिक्रमण काढा, नदीचं पात्र मोकळं करा, वरच्या डोंगरावर झाडं राहू द्या, हे म्हणायला तीन उन्हाळे आम्ही गावातनं अर्ज देतोय, त्याला कुणी विचारत नाही. कारण जो पूर आलाच नाही त्याचं श्रेय कुणाला मिळत नाही, आणि जो आला त्याच्या मदतीचं मिळतं. जगाच्या पातळीवर पण हेच असणार, मला वाटतं.

अनघा_नाशिक

दादा, मातीचं वाचून फार वाईट वाटलं. आणि हो, मला वाटतं तुम्ही जे लिहिलंय तेच कळीचं आहे. ओझोनच्या वेळी "त्वचेचा कॅन्सर" ही भीती श्रीमंत देशांच्या मतदाराला थेट स्वतःच्या अंगाशी जोडता आली. स्वतः रेगन यांच्या नाकावरचा त्वचेचा कॅन्सर काढलेला होता. हवामानाचा फटका मात्र आधी ज्याला बसतो त्याच्या मताला त्या सिनेटमध्ये किंमत नाही.

दापोलीकर

जागतिक पातळीवर कशाला जाता, सह्याद्रीचंच घ्या. माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये दिला. मंत्रालयाने तो प्रसिद्धच केला नाही! माहिती आयोगाने द्या म्हटलं तरी दिला नाही, दिल्ली हायकोर्टात गेले, तिथे हरले तेव्हा २०१२ मध्ये बाहेर आला. मग कस्तुरीरंगन समिती नेमली, तिने क्षेत्र कमी करून घाटाचा साधारण ३७ टक्के भाग संवेदनशील म्हणायला सांगितलं. त्यावर पहिली मसुदा अधिसूचना मार्च २०१४ मध्ये. मग २०१५, २०१७, २०१८, २०२२, आणि सहावी ३१ जुलै २०२४. दरवेळी मसुदा, हरकती मागवायच्या, राज्यं म्हणणार आमची गावं वगळा, मुदत संपणार, परत मसुदा.

आता दरडींच्या या तारखा बघा. माळीण ३० जुलै २०१४, दीडशेच्या वर माणसं गाडली गेली. तळीये जुलै २०२१. इर्शाळवाडी जुलै २०२३. वायनाड ३० जुलै २०२४, माळीणला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी. आणि दुसऱ्या दिवशी सहावा मसुदा. दरड कोसळायला अतिवृष्टी हे एक कारण असतं, पण डोंगर कसा वापरायचा हे आपण ठरवतो ना.

लोकांचा विरोध होता म्हणून अडलं असं सांगतात. विरोध होता, मी आमच्या गावात पाहिलाय. ग्रामसभेत लोक सांगत होते की हे लागू झालं तर घराची कौलं बदलायला परवानगी लागेल, आंबा-काजूची बाग लावता येणार नाही, गाई सोडता येणार नाहीत. यातलं एकही त्या मसुद्यात नाही. मसुदा मुख्यतः खाणी, दगडखाणी, वाळू उपसा, नवीन औष्णिक वीज केंद्रं, लाल वर्गातले (सगळ्यात जास्त प्रदूषण करणारे) कारखाने आणि मोठी टाऊनशिप यांच्याबद्दल आहे. पण लोकांपर्यंत मराठीत तो पोचलाच नाही, अफवा मात्र घरोघर पोचली. गाडगीळ सर पहिल्यापासून म्हणत होते की अहवाल लोकांच्या भाषेत ग्रामसभांपुढे ठेवा आणि त्यांना ठरवू द्या. तेवढं एक केलं असतं तर माझ्या मते चित्र वेगळं दिसलं असतं.

सायली_वकील

अनघाताईंच्या मूळ प्रश्नाला एक कायद्याचं उत्तर पण आहे आणि ते चर्चेत कधीच येत नाही, म्हणून लिहितेय. माँट्रियल करारात एकमत झालं नाही तर दोन-तृतीयांश मतांनी कपात वाढवता येते. (श्रीमंत आणि विकसनशील अशा दोन्ही गटांत बहुमत लागतं, म्हणजे कुणी कुणाला दाबू शकत नाही.) ते मतदान घ्यायची वेळ जवळपास येत नाही, पण येऊ शकते हे माहीत असल्याने लोक तडजोडीला येतात. हवामानाच्या परिषदेत मतदानाचा नियमच मंजूर झालेला नाही. १९९५ ला बर्लिनच्या पहिल्या परिषदेत तो अडला, तेलवाल्या देशांना मतदान नको होतं, आणि तेव्हापासून आजपर्यंत बाकीचे नियम तात्पुरते म्हणून लागू करतात आणि तो एक नियम सोडून देतात. परिणाम काय, तर सगळं एकमताने, आणि ज्याला काहीच नकोय त्याच्या हातात नकाराधिकार. म्हणूनच सगळ्या जीवाश्म इंधनांपासून दूर जायचं हे अंतिम निर्णयात लिहायला २०२३ ची दुबई परिषद उजाडावी लागली, आणि २०२५ ला ब्राझीलमधल्या बेलेम परिषदेच्या मुख्य निर्णयात त्याचा परत उल्लेखही नाही, ८० च्या वर देश मागत असूनही.

कोर्टाबद्दल मकरंद यांच्याशी सहमत. २३ जुलै २०२५ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मत दिलं की हवामानाचं रक्षण हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. ते बंधनकारक नाही, पण जगभरच्या कोर्टांत वापरलं जाणार. आणि ही मागणी सुरू कुणी केली, तर पॅसिफिक बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी, २०१९ मध्ये, मग वानुआतू सरकारने ती उचलली. आपल्याकडेही सुप्रीम कोर्टाने मार्च २०२४ मध्ये माळढोकच्या खटल्यात म्हटलंय की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा अनुच्छेद १४ आणि २१ मधून येणारा हक्क आहे. हा हक्क वापरून अजून फार कमी लोक कोर्टात गेलेत.

विक्रांत७९

सायली, मतदानाचा मुद्दा माहीत नव्हता, धन्यवाद. पण एक प्रश्न उरतोच. भारताने काय म्हणून पुढाकार घ्यायचा? आपलं दरडोई उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकेचं १४ च्या. त्यांनी दीडशे-दोनशे वर्षं धूर सोडला, क्योटो सोडला, पॅरिसमधून दोनदा बाहेर पडायचं ठरवलं, आणि चांद्याच्या पोरांनी नोकऱ्या सोडायच्या? हे मला कुणी कितीही समजावलं तरी न्याय्य वाटत नाही.

अनघा_नाशिक

न्याय्य नाहीच आहे. आणि म्हणूनच १९९० चं लंडन आठवायला हवं. तेव्हा हाच वाद ओझोनवर झाला होता. भारत आणि चीन म्हणाले, भोक तुम्ही पाडलं, आम्ही आत्ता कुठे फ्रिज घ्यायला लागलोय, पैसे आणि तंत्रज्ञान दिल्याशिवाय आम्ही सही करणार नाही. आपल्या बाजूने तेव्हाच्या पर्यावरणमंत्री मेनका गांधी भांडल्या. आणि मिळालं! बहुपक्षीय निधी तयार झाला, ज्याच्या कारभारात श्रीमंत आणि विकसनशील देशांना समान जागा, विकसनशील देशांना मूळ करारातच असलेली दहा वर्षांची सवलत कायम राहिली, आणि भारत १९९२ मध्ये करारात आला. शिवराजदादांच्या वडिलांना मिळालं तसलं ट्रेनिंग देशात उभं राहिलं ते अशा निधीतून. तीस वर्षांत साधारण ४ अब्ज डॉलर लागले. रक्कम हवामानाच्या मानाने अगदीच किरकोळ आहे, पण ती वेळेवर आली आणि कशासाठी आहे हे ठरलेलं होतं.

हवामानाला २००९ मध्ये कोपनहेगनला दरवर्षी १०० अब्ज डॉलरचं वचन दिलं, २०२० पासून मिळायचे होते, ते श्रीमंत देशांच्याच हिशोबाने २०२२ मध्ये पूर्ण झालं, आणि त्यातलं बरंचसं कर्ज. मग २०२४ ला बाकूच्या हवामान परिषदेत ३०० अब्ज, तेही २०३५ पर्यंत, मागणी १.३ लाख कोटी डॉलरची असताना. आपल्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी तिथेच उठून हा आकडा म्हणजे दृष्टिभ्रम आहे असं सुनावलं ते योग्यच केलं. त्यामुळे विक्रांत, भारताने पैशासाठी भांडावं, जोरात भांडावं. पण भांडण चालू आहे म्हणून चंद्रपूरच्या पोरांना दुसरं काम शिकवायचं थांबवायचं, गाळ-ओढ्याचं काम थांबवायचं, घाटाची अधिसूचना थांबवायची, याला बाकूचा काहीही आधार नाही. हे सगळं आपल्याच हातातलं आहे आणि फायदा पण आपल्यालाच आहे.

आणि पर्याय नाही हे १९९७ ला म्हणता येत होतं, आज नाही. सौर पॅनेलच्या किमती पंधरा वर्षांत कुठच्या कुठे आल्या, जून २०२५ मध्ये देशातली निम्मी वीजक्षमता बिगर-जीवाश्म झाली, २०३० चं लक्ष्य पाच वर्षं आधी. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळसा अजून सत्तर टक्क्यांच्या पुढेमागे आहे, तिथेच सगळी लढाई आहे.

चांदावासी

ताई, "दुसरं काम" म्हणजे नेमकं काय, हे पण लिहा कधीतरी. सोलर पार्कला उभं करताना माणसं लागतात, नंतर पुसायला आणि राखायला थोडीच लागतात. खाणीएवढी नाही लागत. खोटी आशा नको.

मकरंद_एसेन

हे बरोबर आहे. रुरमध्येही खाणीची जागा एका उद्योगाने कधीच घेतली नाही, दवाखाने, लॉजिस्टिक्स, शिक्षण असं मिळून घेतली आणि तीस-चाळीस वर्षं लागली. म्हणून उशिरा सुरुवात करणं महागात पडतं.

दापोलीकर

सायलीताई, एक विचारायचं होतं. आमच्या ग्रामसभेपुढे मसुद्याचं मराठी वाचन ठेवायचं म्हणतोय. ग्रामसभेने ठराव केला की आमच्या हद्दीत दगडखाण नको, तर अधिसूचना नसतानाही त्याला काही किंमत असते का? आणि हरकत-सूचना पाठवायची मुदत गेली असेल तर तो ठराव कुठे पाठवायचा?

सायली_वकील

किंमत असते, पण ठराव नीट लिहिलेला हवा. गट नंबर, पाण्याचे झरे कुठे आहेत, घरं किती अंतरावर, आधी दरड कुठे आलेली, हे सगळं त्यात लिहा, नुसतं "विरोध आहे" असं नको. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या खनिकर्म शाखेला, एक प्रदूषण नियंत्रण मंडळाला, एक केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला, आणि प्रत्येकीची पोच घ्या. उद्या परवाना दिला गेला आणि हरित लवादाकडे जावं लागलं तर ही पोचच कामाला येते. मुदत मात्र कडक असते, परवानगीचा आदेश कळवला गेल्यापासून ३० दिवसांत अपील, आणि फार तर अजून ६० दिवस उशीर माफ होतो, त्यामुळे परवाने कधी निघतात यावर गावातलं कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. मसुद्याचं मराठी वाचन कधी ठेवताय ते कळवा, मी रत्नागिरीला असते, येईन.